जुन्या कॅम्पर व्हॅनचा ऑइलचा लाल दिवा गरम इंजिनावर लुकलुकतो? माझा अनुभव

माझी जुनी डिझेल कॅम्पर व्हॅन मे महिन्यात चिखलदऱ्याहून नागपूरला परतली की वर्धा रोडच्या सिग्नलवर, इंजिन आयडलवर असताना, ऑइल प्रेशरचा लाल दिवा लुकलुकत असे. सकाळी थंड इंजिनावर मात्र काहीच दिसत नसे. प्रेशर स्विच बदलला, फिल्टर बदलला, पातळी डिपस्टिकवर बरोबरच होती. दोन महिने आणि बरेच पैसे यातच गेले.

शेवटी मागचे बिल काढून पाहिले, तेव्हा कळले की गॅरेजने ५डब्ल्यू-३० ग्रेडचे सिंथेटिक ऑइल भरले होते, आणि गाडीच्या पुस्तिकेत १५डब्ल्यू-४० लिहिले होते. गरम इंजिनात महत्त्वाचा असतो तो दुसरा आकडा: १०० अंश सेल्सिअसला ३० च्या ऑइलची स्निग्धता (घट्टपणा) ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स, तर ४० ची १२.५ ते १६.३ असते. म्हणजे गरम झाल्यावर ३० चे ऑइल जास्त पातळ होऊन आयडलवर दाब कमी पडत होता. दोष दुसऱ्या आकड्याचा होता, त्यामुळे सिंथेटिक सोडण्याची गरज नव्हती. ५डब्ल्यू-४० निवडले, डब्यावर डिझेल इंजिनाचा दर्जा तपासून.

इंजिन कोमट करून, गाडी सपाट जागी लावून जुने ऑइल पूर्ण गळू दिले. ड्रेन प्लगला नवा वॉशर लावला, नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला बोटाने ऑइल चोपडून तो हातानेच आवळला. ठरलेल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी भरले, एक मिनिट इंजिन चालवले, बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहिली आणि उरलेले थोडे थोडे ओतले.

त्यानंतर भर दुपारी त्याच सिग्नलवर दिवा लागला नाही. व्हॉल्व्ह कव्हरच्या जुन्या गॅस्केटमधून किंचित पाझर दिसतो, म्हणून दर रविवारी डिपस्टिक पाहतो.