शस्त्रक्रियेनंतर आवडत्या कलावंताला भेटायला जाताना

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन पाच आठवडे झाले होते, आणि ज्या नटाचे एकही नाटक मी कॉलेजपासून चुकवले नव्हते, त्याचा प्रयोग सोलापूरच्या हुतात्मा स्मृती मंदिरात लागला. मी गेले, त्यांना भेटले, आणि दोन चुका करून परतले. ज्यांना अशीच भेट घ्यायची आहे त्यांच्यासाठी पुढील सूचना लिहीत आहे.

आधी शल्यविशारदांना विचारावे, पण नेमके विचारावे. ‘नाटकाला जाऊ का?’ या प्रश्नाला ‘तब्येत सांभाळून जा’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. टाके पूर्ण सुकले आहेत का, बगलेतल्या गाठी काढल्या असतील तर हाताला किती ताण चालेल, तीन तास बसणे झेपेल का, हे एकेक करून विचारावे. ड्रेनची, म्हणजे जखमेतला स्राव बाहेर नेणारी, नळी साधारण एक-दोन आठवड्यांत, चोवीस तासांतला स्राव ३० मिलीच्या आसपास किंवा त्याखाली आला की काढतात. ती निघेपर्यंत गर्दीत जाऊ नये, हे माझे मत. किमो चालू असेल तर डोसानंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात आणि संसर्ग लवकर होतो, त्यामुळे प्रयोगाची तारीख त्या दिवसांत येत असल्यास तिकीट न काढलेलेच बरे.

पोशाख पुढून उघडणारा आणि सैल असावा. शस्त्रक्रियेच्या बाजूच्या हातात घट्ट बांगड्या भरू नयेत. उन्हाळ्यात येथे पारा चाळिशीपार जातो आणि ब्लाउजच्या आतले कापसाचे पॅड घामाने भिजते, म्हणून एक सुके पॅड पर्समध्ये ठेवावे. मोटारीने जाणार असाल तर सीटबेल्ट आणि छाती यांच्यामध्ये आपल्याच गावचा टर्किश टॉवेल घडी करून धरावा. आमच्या रस्त्यांवर त्याचा उपयोग पहिल्याच खड्ड्यात कळतो. संक्रांतीच्या सुमारास होम मैदानावर गड्ड्याची यात्रा भरते, तेव्हा त्या बाजूने जाणे टाळावे.

भेटीची व्यवस्था आदल्या दिवशी नाटकाच्या व्यवस्थापकांना फोन करून ठरवावी. ‘माझी नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, गर्दीत उभे राहता येत नाही, प्रयोगानंतर पाच मिनिटे आणि एक खुर्ची मिळेल का?’ एवढे पुरे. संपूर्ण रिपोर्ट सांगत बसू नये. खुर्ची मागण्यात कमीपणा नाही, मात्र आजाराच्या बळावर रांग मोडून पुढे जाणे मला पटत नाही. मध्यंतरात रंगपटात जाऊ नये. तेव्हा नटांना कपडे बदलायचे असतात, चहाचे दोन घोटही घ्यायचे असतात.

सोबत येणाऱ्या व्यक्तीला शस्त्रक्रियेच्या बाजूच्या खुर्चीवर बसवावे, म्हणजे शेजारच्याचे कोपर लागत नाही. पडदा पडल्यावर लगेच उठू नये. माझी पहिली चूक हीच. भेट द्यायची सोलापुरी चादर पिशवीत घालून ती मी नको त्याच खांद्याला अडकवली होती, आणि दारातल्या सेल्फीच्या झुंबडीत तिला असा हिसका बसला की डोळ्यांपुढे अंधारी आली. चादर जड असते. त्याऐवजी शेंगाचटणीचे पाकीट न्यावे, तेही सोबत्याच्या हाती द्यावे.

दुसरी चूक रंगपटात झाली. ते आरशासमोर बसून रंग पुसत होते, कानामागे थोडा राहिला होता. मला पाहताच उठले आणि आपुलकीने माझ्या खांद्यावर हात टाकला. नेमका त्याच खांद्यावर. संकोचाने मी गप्प राहिले आणि फोटो निघेपर्यंत दात आवळून उभी होते. म्हणून समोरच्याने हात पुढे करण्याआधीच आपण नमस्कार करावा, आणि ‘हा हात अजून जपते आहे’ असे हसून सांगावे. कोणालाही त्याचा राग येत नाही.

बोलायचे काय ते घरूनच ठरवून जावे. ‘तुम्ही फार छान काम करता’ हे त्यांनी शंभरदा ऐकलेले असते. मी दुसऱ्या अंकातल्या एका थांबण्याबद्दल बोलले, पत्र उघडण्याआधी ते जे क्षणभर चष्मा पुसतात त्याबद्दल, आणि ते पुन्हा खाली बसले आणि तो चष्मा तालमीत कसा आला हे सांगू लागले. आजाराचा उल्लेख करावासा वाटला तर एका वाक्यात करावा. त्यांनी प्रेमाने एखादा काढा किंवा पथ्य सुचवले तर आभार मानावेत, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

घरी आल्यावर हात उशीवर, छातीपेक्षा थोडा उंच ठेवून पडावे. सकाळी हाताला सूज दिसली, जखमेभोवती लाली आली किंवा ताप १००.४ फॅरेनहाइटच्या वर गेला, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता दवाखान्यात फोन करावा.