मिररलेस कॅमेऱ्यावर जुनी रेंजफाइंडर लेन्स: अडॅप्टर, फोकस आणि अंतराच्या खुणा

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात, दिवस मावळताना, मी ३५ मिलिमीटरच्या जुन्या लेन्सची रिंग ३ मीटरच्या खुणेवर ठेवून एफ/२.८ वर घोड्यांची छायाचित्रे काढत होतो. अंतर डोळ्यांनी बरोबर मोजले होते, हातही स्थिर होता. घरी येऊन चित्रे मोठी करून पाहिली, तेव्हा घोड्याचा डोळा पुसट आणि त्याच्या मागच्या तंबूची दोरी मात्र पिळापिळासह स्पष्ट दिसली. लेन्स निर्दोष होती; ती ज्या अडॅप्टरवर, म्हणजे लेन्स आणि कॅमेरा जोडणाऱ्या कडीवर, बसवली होती, तो जेवढा जाड असायला हवा त्याहून किंचित पातळ होता. म्हणून जुनी रेंजफाइंडर लेन्स (वेगळ्या खिडकीतून अंतर जुळवून फोकस करणाऱ्या फिल्म कॅमेऱ्याची) वापरू इच्छिणाऱ्याला माझे पहिले सांगणे असे, की लेन्स आणि अडॅप्टर यांची जोडी स्वतः तपासल्याखेरीज लेन्सवर कोरलेल्या अंतरांवर भरवसा ठेवू नये.

यामागचे कारण समजून घेणे अवघड नाही. लायकाच्या एम माउंटमध्ये (माउंट म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स बसवण्याची जोडणी), जे १९५४ साली एम३ कॅमेऱ्याबरोबर आले, माउंटच्या पृष्ठभागापासून फिल्मपर्यंतचे अंतर २७.८ मिलिमीटर आहे. आत आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांत हेच अंतर बरेच कमी असते: निकॉन झेडमध्ये १६, फुजीच्या एक्समध्ये १७.७, सोनी ईमध्ये १८ आणि कॅनन आरएफमध्ये २० मिलिमीटर. उरलेली जागा भरून काढणारी, आत कोणतेही भिंग नसलेली धातूची कडी म्हणजे अडॅप्टर. सोनीसाठी ती ९.८ मिलिमीटर जाड असावी लागते. डीएसएलआरमध्ये आरशासाठी ४० मिलिमीटरहून अधिक जागा ठेवलेली असल्याने या लेन्स त्यांवर दूरचे दृश्य स्पष्ट दाखवू शकत नाहीत.

लायकाच्या जुन्या धर्तीच्या, ३९ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांच्या लेन्स, उदाहरणार्थ सोव्हिएत ज्युपिटर-८ किंवा इंडस्टार-६१, घ्यायच्या असतील तर त्यांच्यासाठी स्वतंत्र अडॅप्टर घेण्याऐवजी एम माउंटचाच एक चांगला अडॅप्टर घ्यावा आणि लेन्सला १ मिलिमीटर जाडीची आट्यांची कडी लावावी. या कड्या निरनिराळ्या फोकल लेंग्थसाठी वेगवेगळ्या मिळतात, पण तो फरक रेंजफाइंडर कॅमेऱ्यातील चौकटीच्या रेषांपुरता असतो आणि मिररलेसवर त्याने काही बिघडत नाही. आत सरकणाऱ्या नळीच्या लेन्स मात्र कॅमेऱ्यावर असताना कधीही आत ढकलू नयेत. ज्युपिटर-१२ सारख्या, मागचे भिंग बरेच बाहेर आलेल्या लेन्स बसवण्याआधी आत जागा आहे की नाही, हे मोजून पाहावे. शटरला भिंग टेकले तर दुरुस्तीचा खर्च लेन्सच्या किमतीहून जास्त येतो.

कॅमेऱ्याला ही लेन्स ओळखता येत नाही, त्यामुळे मेनूमध्ये लेन्स नसतानाही शटर उघडण्याची परवानगी द्यावी लागते. बॉडीत स्थिरीकरण असल्यास लेन्सची खरी फोकल लेंग्थ भरावी; सेन्सर लहान असला तरी ३५ च्या जागी ५२ लिहू नये. अ‍ॅपर्चर लेन्सवरच्या रिंगने ठरवायचे, म्हणून मोड अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी किंवा मॅन्युअल ठेवावा, आणि ऑटो आयएसओ वापरत असल्यास शटरचा किमान वेग स्वतः ठरवून द्यावा.

फोकससाठी पीकिंगचा, म्हणजे फोकसमधल्या कडा पडद्यावर रंगवून दाखवणाऱ्या सोयीचा, रंग उपयोगी आहे, परंतु तो निर्णायक मानू नये. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत वाऱ्याने फाटलेल्या पानांच्या शेकडो कडा एकाच वेळी लाल होतात आणि त्यांपैकी खरी कडा कोणती, हे कळेनासे होते. अशा वेळी दृश्य मोठे करण्याचे बटण एखाद्या सोयीच्या जागी नेमून घ्यावे, पीकिंगने अंदाज घ्यावा आणि मोठ्या केलेल्या दृश्यात रिंग हळूहळू पुढेमागे नेऊन निश्चिती करावी. ज्या अ‍ॅपर्चरवर चित्र काढायचे, त्याच अ‍ॅपर्चरवर फोकस करण्याची सवय लावावी, कारण काही वेगवान जुन्या लेन्समध्ये अ‍ॅपर्चर बंद करत नेले की फोकसची जागा थोडी मागे सरकते.

आता तपासणी. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवावा, भिंतीला वर्तमानपत्राचे पान चिकटवावे आणि बॉडीवर सेन्सरची जागा दाखवणाऱ्या खुणेपासून पानापर्यंत टेपने नेमके ३ मीटर मोजावेत. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून, दृश्य मोठे करून, बातमीतील बारीक अक्षरांवर फोकस साधावा आणि मगच रिंगवरचा आकडा पाहावा. आधी पाहिला तर हात नकळत त्याच्याकडे वळतो. असे तीनदा करावे. माझ्या ३५ मिलिमीटरच्या लेन्सवर तिन्ही वेळा खूण २.४ मीटरच्या जवळ आली. अडॅप्टर एक दशांश मिलिमीटरने पातळ असला की गणिताने एवढाच फरक पडतो: रिंग ३ मीटरवर ठेवली, तर प्रत्यक्ष फोकस ३.९ मीटरच्या आसपास जातो. त्याच अडॅप्टरवर ५० मिलिमीटरच्या लेन्सचा फोकस सुमारे ३.४ मीटरवर जातो, म्हणजे लेन्स जितकी रुंद कोनाची, तितकी ही चूक मोठी होते. अनेक उत्पादक अडॅप्टर मुद्दामच किंचित पातळ ठेवतात, कारण तो जाड झाला तर दूरचे डोंगर कधीच स्पष्ट येणार नाहीत.

अडॅप्टर स्क्रूने उघडणारा असेल, तर आत पातळ चकत्या घालून जाडी वाढवता येते. ते जमण्यासारखे नसेल, तर मी केले तसे करावे: २, ३ आणि ५ मीटरवर तपासणी करून रिंगवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या बारीक पट्ट्या लावाव्यात, त्यांवर स्वतःचे आकडे लिहावेत आणि अनंतची खूण लळिंगच्या किल्ल्यासारख्या लांबच्या ठळक कडेवर पाहून ठरवावी. यात्रेत अंदाजे अंतराने काम करताना लेन्सवरील डेप्थच्या रेषा (कुठपासून कुठपर्यंत चित्र स्पष्ट येईल हे दाखवणाऱ्या) एक-दोन स्टॉप, म्हणजे पायऱ्या, कडक धराव्यात, म्हणजे अ‍ॅपर्चर एफ/८ असले तरी एफ/४ च्या रेषांमधील जागाच भरवशाची मानावी, कारण त्या रेषा फिल्मच्या छोट्या प्रिंटच्या हिशेबाने कोरलेल्या आहेत.

खानदेशातल्या उन्हाचा वेगळा विचार करावा लागतो. जुन्या भिंगांवर एकेरी लेप असतो, काहींवर तोही नसतो, त्यामुळे हूड कायम लावावा. मिररलेस कॅमेऱ्यात बहुधा सेन्सर सतत उघडा असतो, म्हणून उघड्या अ‍ॅपर्चरची लेन्स गळ्यात लटकवून सूर्याकडे राहू देऊ नये. मे महिन्यात बंद गाडीत लेन्स ठेवल्यास जुने ग्रीस पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर आणि आतल्या भिंगांवर येते, आणि मग धूसरपणा काढण्यासाठी लेन्स उघडावीच लागते.

या लेन्स सहसा ०.७ किंवा १ मीटरच्या आत फोकस होत नाहीत. शेतात पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याची तडकलेली साल जवळून टिपायची असेल, तर लांबणारी नळी असलेला क्लोज फोकस अडॅप्टर घ्यावा. ५ मिलिमीटरच्या वाढीने ५० मिलिमीटरची लेन्स अर्ध्या मीटरच्या आत येते. ती नळी काम झाल्यावर पूर्ण मागे फिरवून ठेवावी, कारण ती थोडीही पुढे राहिली तर रिंगवर लावलेल्या आपल्या सगळ्या खुणा चुकतात.