एमजीबीच्या मागील चाकातील ब्रेक ऑइलची गळती

१९६२ ते १९८० या काळात ब्रिटनमध्ये तयार झालेल्या एमजीबी या स्पोर्ट्स कारला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असतात. त्यामुळे टाकीतील ब्रेक ऑइल उतरत असेल आणि मागील टायरची आतली बाजू ओली दिसत असेल, तर पहिला संशय व्हील सिलिंडरवर, म्हणजे ऑइलच्या दाबाने ड्रमच्या आत ब्रेक दाबणाऱ्या छोट्या सिलिंडरवर, घ्यावा. पुढच्या चाकांना ठोकळे लावून गाडी भक्कम स्टँडवर घ्यावी, नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही काम करू नये, आणि हँडब्रेक सोडून ड्रम काढावा. सिलिंडरवरील रबरी टोपीची कड हलकेच उचलल्यावर आतून पातळ द्रव ओघळला, तर आतील सील निकामी झाले आहे. दाट, उग्र वासाचे तेल मात्र अ‍ॅक्सलचे असते.

जुन्या सिलिंडरला आतून गंजाचे खड्डे पडलेले असतात, म्हणून केवळ सील न बदलता पूर्ण सिलिंडरच नवा घालावा, असे माझे ठाम मत आहे. भिजलेले लायनर (ड्रमवर घासणारे ब्रेकचे अस्तर) धुऊन वापरू नयेत. ते दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत. नंतर सीलबंद डब्यातील नवे डॉट ४ दर्जाचे ब्रेक ऑइल भरून ब्रेकच्या नळ्यांतील हवा काढावी. सांडलेले ऑइल रंग खाते, तेव्हा ते तत्काळ पाण्याने धुवावे. अखेरीस सहकाऱ्याला पेडल जोरात दाबून धरायला सांगून प्रत्येक जोड कोरडा आहे ना, हे बोटाने चाचपावे.