होडीच्या आउटबोर्ड मशीनसाठी परवडणारे ऑइल कसे निवडावे

मालवण, देवबाग, दाभोळ किंवा अलिबागच्या किनाऱ्यावर छोट्या होडीवर आउटबोर्ड मशीन, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून बसवलेले इंजिन, चालवणाऱ्याला पेट्रोलच्या खर्चाखालोखाल ऑइलचा खर्च सतत डोळ्यांसमोर दिसतो, आणि म्हणूनच काटकसरीचा पहिला विचारही तेथेच येतो. ही काटकसर करता येते, मात्र ती कोठे करायची आणि कोठे मुळीच करायची नाही हे आधी ठरवावे लागते. माझ्या मते ब्रँडच्या नावावर, डब्याच्या आकारावर आणि अंदाजाने जास्त ऑइल ओतण्याच्या सवयीवर पैसे वाचवावेत. डब्यावरच्या दर्जाच्या खुणेवर वाचवू नयेत.

प्रथम आपले मशीन टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक, हे माहितीपुस्तिकेवरून पक्के करून घ्यावे. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबर जळून जाते, तर फोर-स्ट्रोकमध्ये ते खालच्या भागात साठून फिरत राहते आणि ठरावीक तासांनी बदलावे लागते. या दोन मशीनची ऑइले एकमेकांच्या जागी कधीच चालत नाहीत.

टू-स्ट्रोक आउटबोर्डसाठी डब्यावर टीसी-डब्ल्यू३ ही खूण असली पाहिजे. ही खूण अमेरिकेतील एनएमएमए ही नौका-उत्पादकांची संघटना चाचणीनंतर देते, आणि ज्या ऑइलला ती रीतसर मिळालेली असते त्याच्या डब्यावर बहुधा ‘आरएल’ या अक्षरांनी सुरू होणारा नोंदणी क्रमांकही छापलेला असतो. दुकानात डबा हातात घेतल्यावर पुढच्या बाजूचे होडीचे चित्र पाहून समाधान मानू नये. डबा उलटा करून मागची बारीक अक्षरे वाचावीत. तेथे नुसते ‘आउटबोर्डसाठी योग्य’ असे लिहिलेले असेल आणि क्रमांक नसेल, तर ते उत्पादकाचे स्वतःचे म्हणणे आहे असे समजावे. क्रमांक असलेल्या दोन ऑइलांपैकी स्वस्त असेल ते निःशंकपणे घ्यावे, कारण दोन्ही एकाच कसोटीतून उतरलेली असतात. ऑइल निळे आहे की हिरवे, यावरून दर्जा ठरत नाही. तो केवळ रंग आहे.

येथे सर्वांत मोठा मोह असतो तो स्कूटर-मोटरसायकलच्या टू-टी ऑइलचा. ते कोणत्याही गॅरेजात मिळते आणि बहुधा स्वस्तही असते. परंतु ते हवेने थंड होणाऱ्या, अधिक तापणाऱ्या मशीनसाठी बनवलेले असल्यामुळे त्यातील सफाई करणाऱ्या घटकांत धातूचा अंश असतो आणि तो जळल्यावर थोडी राख उरते. आउटबोर्ड समुद्राच्या पाण्याने थंड होते आणि तासन्‌तास एकाच मोठ्या भाराखाली चालते. अशा वेळी ती राख प्लगवर आणि पिस्टनच्या माथ्यावर साचत जाते, प्लग वारंवार खराब होऊन ठिणगी देत नाही आणि साचलेला थर लाल तापून ठिणगीच्या आधीच इंधन पेटवू लागला तर पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. टीसी-डब्ल्यू३ ऑइलमध्ये राख न सोडणारे घटक वापरलेले असतात, आणि आपण जास्तीचे पैसे देतो ते त्यासाठीच.

ते पैसे खरोखर किती जास्त असतात, याचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. पुस्तिकेत ५०:१ असे प्रमाण दिलेले असेल, तर एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर ऑइल लागते. दोन ऑइलांच्या दरात लिटरमागे १०० रुपयांचा फरक असला, तरी एका लिटर पेट्रोलमागे तो फक्त २ रुपये पडतो, आणि महाराष्ट्रात पेट्रोलच लिटरला शंभराच्या वर गेलेले आहे. १००:१ प्रमाणाच्या मशीनला तर हा फरक १ रुपयावर येतो. एवढ्यासाठी पिस्टन पणाला लावणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

खरी बचत मोजण्यात आहे. बहुतेक ठिकाणी ऑइल पाण्याच्या बाटलीच्या झाकणाने किंवा ‘एवढे पुरे’ अशा नजरेच्या अंदाजाने ओतले जाते, आणि ‘चार थेंब जास्त पडले तर मशीनला बरेच’ असे वर सांगितलेही जाते. प्रत्यक्षात जास्त ऑइलामुळे धूर वाढतो, काजळी साचते आणि मिश्रणातील पेट्रोलचा वाटा घटतो. औषधांच्या दुकानातून मिलिलिटरच्या रेषा असलेले मोजपात्र आणावे. २० लिटरच्या कॅनला ५०:१ साठी ४०० मिलिलिटर मोजून घ्यावे. आधी कॅनमध्ये निम्मे पेट्रोल घ्यावे, त्यात ऑइल ओतावे, झाकण घट्ट लावून चांगले हलवावे आणि मगच उरलेले पेट्रोल भरावे. नव्या किंवा नुकत्याच उघडून बांधलेल्या मशीनला सुरुवातीच्या तासांत दुप्पट ऑइल, म्हणजे बहुधा २५:१, सांगितलेले असते. ते मात्र टाळू नये.

मिश्रण एका-दोन फेऱ्यांना पुरेल एवढेच करावे. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतील ओलावा ओढून घेते. पाणी वाढले की इथेनॉल आणि पाणी मिळून कॅनच्या तळाशी बसतात, ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहते. टाकीतील नळी तळातून ओढत असल्याने मशीनला वंगणाशिवायचे इंधन मिळते. पुस्तिकेत इथेनॉलची मर्यादा किती दिली आहे, हेही याच निमित्ताने पाहून ठेवावे.

फोर-स्ट्रोकचे गणित वेगळे आहे. येथे एनएमएमएची खूण एफसी-डब्ल्यू अशी असते आणि त्या चाचणीत गंजापासून संरक्षणावर विशेष भर असतो. ऑइल पहिल्यांदा साधारण २० तासांनी आणि नंतर १०० तासांनी बदलावे, असे बहुतेक पुस्तिका सांगतात. रोज चार तास, महिन्यातले पंचवीस दिवस चालणाऱ्या होडीचे हे १०० तास एका महिन्यात भरतात. हौसेने सुट्टीच्या दिवशी चालवणाऱ्याचे वर्षभरातही भरत नाहीत. म्हणून रोजच्या धंद्यातील मशीनला, वॉरंटी संपलेली असेल आणि पुस्तिकेत परवानगी असेल तर, एपीआय या अमेरिकेतील पेट्रोलियम संस्थेच्या दर्जाखुणांपैकी एसजी किंवा त्यापुढच्या अक्षराचे, १०डब्ल्यू-३० किंवा १०डब्ल्यू-४० घट्टपणाचे साधे चांगले ऑइल घालून ते वेळेवर बदलणे हे महागडे ऑइल तीनशे तास रेटण्यापेक्षा कितीतरी बरे. उलट जे मशीन बराच काळ उभे असते, त्याला एफसी-डब्ल्यूच घालावे, कारण खाऱ्या हवेत उभ्या मशीनचा खरा शत्रू गंज असतो.

शेजारच्या ट्रॉलरवरचे डिझेल इंजिनाचे ऑइल पिंपातून सुटे मागून आणण्याची पद्धत आहे. डब्यावर डिझेलसाठीच्या एपीआय ‘सी’ गटाबरोबर पुस्तिकेला हवे असलेले, पेट्रोल मशीनसाठीच्या ‘एस’ गटाचे अक्षरही असेल आणि घट्टपणाही जुळत असेल, तरच ते आउटबोर्डला चालू शकते. सुट्या ऑइलच्या बाबतीत हे तपासताच येत नाही, म्हणून ते घेऊ नये. त्यापेक्षा दोन-तीन होड्यांनी मिळून मोठा सीलबंद डबा घ्यावा; लिटरचा दर बहुधा उतरतो आणि सील, बॅच क्रमांक व तारीखही पाहता येते. रिकामा डबा भोक पाडूनच टाकावा, म्हणजे तो भलत्या मालाने भरून पुन्हा दुकानात येत नाही.

१ जूनला मासेमारीबंदी सुरू होण्यापूर्वी फोर-स्ट्रोकचे ऑइल बदलूनच मशीन घरी न्यावे. जळक्या ऑइलात आम्ल आणि ओलावा असतो, आणि ते बंदीचे ६१ दिवस आत राहिले की बेअरिंगवर डाग पडतात. बंदी उठल्यावर बदलू, म्हणून वाचवलेला डबा येथे अंगाशी येतो. त्याच वेळी पंख्याजवळच्या गिअरचे ऑइल पाहावे. ते पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचेच घ्यावे; लागते इतके थोडे की त्यात काटकसरीला जागाच नाही. खालचा स्क्रू सैल केल्यावर आधी पाण्याचे थेंब आले किंवा ऑइल दुधाळ दिसले, तर पाणी अडवणारे गिअरचे सील गेले आहे, आणि ते बदलेपर्यंत मशीन पाण्यात उतरवू नये.