हातचा कुठे हरवतो?

२७ अधिक ३८. दुसरीतला माझा एक विद्यार्थी पुटपुटला, "सात नि आठ पंधरा," आणि पाच लिहून मोकळा झाला. तेवढ्यात शेजारणीने खोडरबर मागितलं. ते देऊन वहीकडे वळला तर हातचा गायब. उत्तर ५५. घरून निरोप आला, "बाई, पोराचं गणित कच्चं आहे." कच्चं कसलं! सात नि आठ त्याला बिनचूक येतात. ते धरून ठेवायला डोक्यात जागा पुरत नाही.

या जागेला मानसशास्त्रज्ञ वर्किंग मेमरी म्हणतात. १९७४ साली बॅडली आणि हिच यांनी तिची मांडणी केली. मी तिला हातचाच म्हणते. लहानपणी ती थोडी असते, वयाबरोबर वाढते, आणि एकाच बाकावरच्या दोन मुलांत बराच फरक पडतो.

अंदाज घ्यायचा तर जेवताना खेळ म्हणून तीन अंक सांगा: चार, नऊ, दोन. मुलाने उलटे म्हणायचे: दोन, नऊ, चार. सरळ म्हणणं पोपटालाही जमेल. उलट म्हणताना धरायचंही असतं आणि फिरवायचंही. अडखळलं तर गुण देत बसू नका, ओझं उतरवायला लागा.

हातचा दशकाच्या डोक्यावर चौकट आखून तिथेच लिहायचा, आणि एककाच्या घरातला अंक लिहिण्याच्या आधी. 'मनात धर' हे वाक्य मी वर्गात बंद केलंय. ३ अधिक ८ असेल तर आठपासून पुढे मोजायला शिकवा: नऊ, दहा, अकरा. सूचना एका वेळी एकच. "वही काढ, पान चोवीस, तिसरं गणित, आणि समास आख" म्हटलं की मूल समास आखून बसतं.

मराठीतली गंमत वेगळीच. 'पस्तीस' ऐकलं की पाच आधी कानावर येतो, मूल ५३ लिहितं. 'एकोणतीस'मध्ये तर तीस ऐकू येतो आणि ३९ उमटतात. २०१९मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला! मला त्यामागचं कारण पटलं होतं, पण आठवडी बाजारात कोणी 'तीस पाच रुपये' म्हणत नाही. म्हणून मी नाव जुनंच ठेवते आणि काड्या मांडायला लावते: आधी दहादहाचे तीन गठ्ठे, मग पाच सुट्या, मग तोंडाने पस्तीस. लिहायचं सगळ्यात शेवटी.

पाढे पाठ करून घ्याच. घोकंपट्टी म्हणून नाकं मुरडणारे मुरडोत. सात पंचे पस्तीस आपोआप आलं तर ती जागा उदाहरण समजायला मोकळी राहते. मात्र 'सात एके सात'पासून गाडी सुरू करावी लागत असेल तर पाढा अजून पाठ नाही, नुसती चाल पाठ आहे. मधूनच, चपाती लाटताना विचारा: सात चोक?

स्मरणशक्ती वाढवणाऱ्या मोबाइलवरच्या खेळांवर मात्र पैसे घालू नका. त्यांनी मूल त्या खेळात पटाईत होतं, गणितात फारसा फरक पडत नाही. त्यापेक्षा मूठभर चिंचोके बरे.