शिमल्याच्या गेइटीला नाटक न्यायचंय? आधी शेवटच्या चढाचं बघा

संगीत नाटक घेऊन शिमल्याला जाणाऱ्या मंडळींसाठी लिहितोय. तिकिटं, मुक्काम, ओळखपत्रं, स्वेटर हे तुमचं तुम्हाला कळतं, त्यात वेळ घालवत नाही. सगळ्यात आधी एकच गोष्ट लिहून ठेवा, की गाडी गेइटी थिएटरपर्यंत जात नाही. टेम्पो नाही, टॅक्सी नाही. थिएटर ज्या माल रोडवर आहे तो पायी चालायचा रस्ता आहे, गाड्या खाली कार्ट रोडला थांबतात आणि तिथून सामान माणसाच्या पाठीवर वर चढतं. मागच्या दौऱ्यात मुंबई ते कार्ट रोड सगळं आखलेलं होतं, हा शेवटचा चढ तेवढा यादीत नव्हता, आणि सेट वर पोचेपर्यंत लाइट लावायचा वेळ संपला होता.

हे काही आजचं नाही. 1864 ला इंग्रजांनी शिमला उन्हाळी राजधानी केली तेव्हापासून हे गाव असंच चालतंय. व्हाइसरॉय, सरसेनापती आणि पंजाबचा गव्हर्नर सोडले तर माल रोडवर कुणाची बग्गीसुद्धा जात नसे, बाकीचे पायी नाहीतर माणसांनी ओढलेल्या रिक्षात, आणि सामान हमालाच्या पाठीवर. गेइटी 1887 ला उघडलं, तेव्हा तिथे नाटकं करणाऱ्या साहेबांचे पडदेसुद्धा असेच वर गेले असणार. तुमचेही तसेच जातील, म्हणून सेटचं डिझाइन करतानाच पाठीचं माप धरा.

म्हणजे काय करायचं, तर 8 बाय 4 फुटांचा फ्लॅट, म्हणजे सेटची भिंत उभी करायची चौकट, नेऊच नका. तो पाठीवर बांधला की पायऱ्यांच्या वळणावर त्याचा कोपरा भिंतीला अडतो, हमाल अर्धा मागे वळून तिरका होतो, आणि मोकळ्या जागी वारा आला की माणूस फ्लॅटसकट फिरतो, बघवत नाही. त्याऐवजी 4 बाय 4 चे तुकडे, मागून पिनेच्या बिजागऱ्या, पिना वेगळ्या डबीत आणि ती डबी मॅनेजरच्या खिशात. लेव्हल्स, म्हणजे रंगमंचावरचे चौथरे, फोल्डिंगच्या. कपडेपटाची मोठी लोखंडी ट्रंक नको, दोन लहान करा. प्रत्येक नग एका माणसाला उचलता येतो का ते तालमीच्या हॉलवरच बघा, तुमच्यातल्याच एकाला पाठीवर देऊन जिना चढायला लावा. जो नग जिन्यात अडला तो शिमल्यात अडणारच.

ऑर्गनचं ठरवा, आणि तेही आधी. ऑर्गन म्हणजे पायानं भाता मारायची पायपेटी, ती वर न्यायला दोन माणसं लागतात, पायऱ्यांवर ती पूर्ण वेळ कललेली राहते, आणि आतला भाता नाहीतर एखादी स्वरपट्टी बिघडली तर तिथे दुरुस्तीला कोण मिळणार? ऑर्गनशिवाय नाट्यपद मलाही अपुरं वाटतं, तरी मी म्हणेन की चांगली हार्मोनियम घ्या आणि शेवटच्या तालमी तिच्यावरच करा, नटांना आयत्या वेळी वेगळा सूर ऐकू येता कामा नये. तबल्याची जादा जोडी पाहिजेच, मुंबईच्या दमट हवेतून तिकडच्या कोरड्या थंडीत गेलं की तबल्याची कातड्याची पुडी ताणते आणि सूर चढतो, धुकं पाऊस असला की उलटं.

आणि हमाल. परत सांगतो, हमाल आधी ठरवा. तिथे त्यांना बरेच जण खान म्हणतात, पाठीवर दोरानं बांधून मोठमोठी ओझी नेतात, कामाला पक्के आहेत. आदल्या दिवशी तुमच्यातल्या एकानं जाऊन नग किती, वजन किती, किती वाजता हे सांगून पैसे नगावर ठरवायचे, आणि घासाघीस करू नका, तो चढ रिकाम्या हातानं एकदा चढून बघा म्हणजे कळेल. कार्ट रोडवरून वर यायला लिफ्ट आहे ती माणसांसाठी, सेट तिच्यात जाईल असं धरून चालू नका.

तारखांचं म्हणाल तर जुलै-ऑगस्टला दरडी, जानेवारीत बर्फ, मे-जूनला पर्यटकांच्या गर्दीत टेम्पो उभा करायला जागा नाही, तेव्हा सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर बरं. कालक्यावरून 1903 ची छोटी रेल्वे आहे, नटांना तिनं न्या, सेट मात्र रस्त्यानंच. एक दिवस आधी पोचा, गाव सुमारे 2200 मीटरवर आहे, पहिल्या दिवशी दोन जिने चढले तरी धाप लागते, मग लांब तान कुठून येणार.

थिएटर लहान आहे, तीनशेच्या आसपास खुर्च्या, आवाज मागपर्यंत छान जातो, माइक लागणार नाहीत, मोठ्या नाट्यगृहात ओरडायची सवय झालेल्यांना आधीच सांगा. जुनी वास्तू आहे, विचारल्याशिवाय खिळा मारायचा नाही. विंगेत जागा कमी धरा. इस्त्री, सेफ्टी पिना, एक्स्टेन्शन बोर्ड सोबत ठेवा.

प्रयोगानंतर कपडे मोजून भरा, पिनांची डबी परत घ्या. आणि रात्री सेट खाली उतरवायलाही माणसं लागतातच, तेही त्याच हमालांना सकाळीच सांगून ठेवा, टेम्पोवाल्यालाही वेळ सांगा.