इंदुरी मराठी घरात व्हीगन स्वयंपाक: सुरुवात सोयाबीनच्या दुधापासून

व्हीगन स्वयंपाक, म्हणजे दूध, तूप, मध असं प्राण्यांपासून आलेलं काहीच न वापरता केलेला, सुरू करायचा ठरलं की बरेच जण आधी दुकान गाठतात. बदामाच्या दुधाचा खोका, डबाबंद चीज, कसलीशी महागडी पावडर असं सामान घरात येतं आणि महिन्याचं बिल बघून उत्साह मावळतो. त्याआधी घरात आठवडाभर काय शिजतं ते एका कागदावर लिहून काढा. होळकरांच्या काळापासून माळव्यात रुजलेल्या मराठी घरांत चिंच-गुळाची आमटी आणि दाल-बाफले (वरणासोबत खायचे कणकेचे भाजलेले गोळे) एकाच आठवड्यात होतात. पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, भरली वांगी, थालीपीठ, पोहे-शेव, दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, तेलातली साबुदाण्याची खिचडी यांपैकी कशातच दूध-तूप लागत नाही. लागलंच तर वरून चमचाभर, आणि ते वगळता येतं.

अडतं ते चहा, दही, पनीर आणि तूप या चार ठिकाणी. पहिल्या तिन्ही ठिकाणी सोयाबीन उपयोगी पडतं, आणि माळव्यात राहून सोयाबीनसाठी दूर जावं लागत नाही. राष्ट्रीय सोयाबीन संशोधन संस्था इंदुरातच आहे. म्हणून आमचं सांगणं असं, की पहिले पंधरा दिवस बाकी सगळं बाजूला ठेवा आणि सोयाबीनचं दूध नीट काढायला शिका. ते जमलं की दही आणि टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर, त्यातूनच येतात.

दाणे घेताना

इंदूरच्या सियागंज बाजारातल्या किराणा दुकानात खायचं सोयाबीन म्हणून मागा. पेरणीचं बियाणं कधीही घेऊ नका, कुणी फुकट दिलं तरी नको. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं, बहुतेक वेळा त्यावर गुलाबी, लाल किंवा निळसर रंग दिसतो, आणि ते धुऊन जात नाही. दाणा पिवळा, गोल, डाग नसलेला हवा. माळव्यात सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये नवा माल निघतो, त्याचं दूध सगळ्यात चांगलं. दीड-दोन वर्षं पडून राहिलेल्या दाण्याचं दूध पातळ आणि कडवट येतं. संशोधन संस्थेने एनआरसी 127 हे वाण काढलं आहे, त्यात पचनाला अडवणारा कुनिट्झ ट्रिप्सिन इनहिबिटर नसतो. ओळखीच्या शेतकऱ्याकडे ते असेल तर जरूर घ्या, पण साध्या दाण्यावरही काम उत्तम होतं.

दूध

100 ग्रॅम दाणे तीनदा धुऊन भरपूर पाण्यात भिजवा. थंडीत 10 ते 12 तास, मे महिन्यात 6 तास पुरतात. उन्हाळ्यात मध्ये एकदा पाणी बदललं नाही तर वर फेस येतो आणि दाणे आंबतात. भिजले की नाही हे घड्याळापेक्षा दाण्यालाच विचारावं: एक दाणा दोन फाकांत उघडा. आतली बाजू सपाट आणि सगळीकडे एकाच रंगाची असेल तर झालं. मध्ये खळगा किंवा गडद पिवळा ठिपका दिसला तर अजून दोन तास थांबा.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. सोयाबीनच्या दुधाला कच्च्या शेंगेसारखा जो उग्र वास येतो, तो दाण्यात आधीपासून नसतो. भिजलेला दाणा वाटला गेला, त्याला पाणी आणि हवा लागली की त्यातलं लायपॉक्सिजनेज नावाचं विकर (एन्झाइम) तेलावर काम करतं आणि वास तयार होतो. एकदा आलेला वास नंतर कितीही उकळून, कितीही वेलदोडा घालून पूर्ण जात नाही. म्हणून वाटण्याआधीच ते विकर उष्णतेने मारायचं. एक लिटर पाणी खळखळ उकळू द्या, त्यात पाव चमचा खायचा सोडा घाला, भिजलेले दाणे टाका आणि पाच मिनिटं उकळा. पाणी ओतून द्या, दाणे गरम पाण्याने धुवा आणि गरम असतानाच वाटा. जमतील तेवढी सालं चोळून काढा. राहिली तरी बिघडत नाही, चोथा जरा जास्त निघतो एवढंच.

दाण्यांसाठी एकूण 900 मिली गरम पाणी घ्या. आधी त्यातलं थोडंच घालून गंधासारखं बारीक वाटा, मग उरलेलं घालून पुन्हा फिरवा. मिक्सरचं भांडं अर्ध्याहून जास्त भरू नका आणि झाकण फडक्याने दाबून धरा, कारण गरम वाफ झाकण उडवते. पातळ सुती पंच्यातून गाळून घट्ट पिळा. साधारण 800 मिली दूध मिळेल.

हे दूध अजून कच्चं आहे. जाड बुडाच्या, दुधाच्या तिप्पट मोठ्या पातेल्यात ते मध्यम आचेवर ठेवा. नवशिक्याची चूक इथेच होते: खरी उकळी फुटण्याच्या खूप आधी फेस भराभर वर येतो आणि उकळी आली असं वाटून गॅस बंद केला जातो. फेस वर आला की आच कमी करा, डावाने फेस काढून टाका आणि पुढे जा. खालून बुडबुडे फुटायला लागले की तिथून 15 ते 20 मिनिटं मोजा. तेवढ्या वेळात ट्रिप्सिन इनहिबिटर बराचसा निकामी होतो. कमी उकळलेलं दूध प्यायलं की पोट फुगतं आणि लोक सोयाबीनला दोष देतात. सपाट उलथन्याने बूड सतत खरवडत राहा, कारण ते खाली लवकर धरतं आणि करपल्याचा वास पूर्ण पातेल्यात उतरतो. चिमूट मीठ आणि चमचाभर साखर घातली की चव गोलाई धरते. फ्रीजमध्ये तीन दिवस टिकतं.

चोथा फेकू नका. एक वाटी चोथ्याला दोन वाट्या भाजणी, कांदा, तीळ, ओवा घालून थालीपीठ लावा. तो त्याच दिवशी वापरायचा, उन्हाळ्यात दोन-तीन तासांत आंबूस होतो.

चहात दूध फाटतं, कारण चहा आंबट आणि तुरट असतो, त्यात आलं आणि उकळणारी उष्णता. पाणी, पत्ती, आलं, साखर आधी पूर्ण उकळून गाळा. दूध वेगळं गरम करा, मग दुधात चहा ओता आणि पुन्हा उकळू नका. तरी फाटत असेल तर दुधात चिमटीभर सोडा घाला. ज्यांना सोयाबीनची चव चहात चालतच नाही त्यांच्यासाठी काजू बरा: 50 ग्रॅम काजू दोन तास भिजवून 500 मिली पाण्यात वाटा, गाळायची गरज नाही. ओटचं दूध मात्र चहात उकळू नका, ते चिकट होतं.

दही

गाईच्या दुधात लॅक्टोज ही साखर असते, जिवाणू तिच्यावर वाढतात. सोयाबीनच्या दुधात ती नसते, म्हणून अर्ध्या लिटरला एक चमचा साखर घाला. दूध बोट बुडवून सोसेल इतकं कोमट हवं, 40 ते 42 अंश. पहिलं विरजण देठांचं लावा: पाच-सहा ताज्या हिरव्या मिरच्यांचे देठ टोपीसकट, न धुता कोरडे पुसून दुधात बुडवा. झाकून 10 ते 12 तास हलवू नका. ही पहिली खेप तारदार लागते, तिला मिरचीचा हलका वास असतो. ती खाण्यासाठी नाहीच. तिचे दोन चमचे पुढच्या अर्ध्या लिटरला लावा, तेव्हा खरं दही लागतं. तिसऱ्या खेपेपासून ते घरचं होतं.

मे महिन्यात पाच-सहा तास पुरतात, त्याहून जास्त ठेवलं तर पाणी सुटून आंबट होतं. जानेवारीच्या रात्री इंदुरात पारा 10 अंशांच्या आसपास जातो तेव्हा भांडं कॅसरोलमध्ये ठेवा किंवा कणकेच्या डब्यात पुरा. दही सैल राहिलं तर बहुतेक वेळा मूळ दूधच पातळ असतं: दह्यासाठी 900ऐवजी 700 मिली पाणी घ्या.

कढीसाठी आम्हाला शेंगदाण्याचं दही जास्त आवडतं. एक वाटी दाणे सहा तास भिजवून सालं काढा, तीन वाट्या पाण्यात वाटा, गाळून दहा मिनिटं उकळा आणि वरच्यासारखंच विरजा. काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे वेचून टाका, त्यात अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं. कढी करताना दही आणि बेसन थंड असतानाच घुसळा आणि मंद आचेवर सतत ढवळत उकळी येऊ द्या.

टोफू

टोफूसाठी दाणे पाच मिनिटं उकळू नका. जास्त उकळल्याने प्रथिनं दाण्यातच घट्ट होतात, दुधात उतरत नाहीत आणि टोफू कमी पडतो. भिजलेले दाणे सरळ उकळत्या पाण्यात वाटा. वास थोडा राहतो, पण मसाल्यात लपतो. 250 ग्रॅम दाण्यांना सुमारे पावणेदोन लिटर पाणी. गाळून वरच्याप्रमाणेच पूर्ण उकळा, गॅस बंद करून पाच मिनिटं थांबा म्हणजे दूध 80 अंशांच्या आसपास येईल. तीन मोठे चमचे लिंबाचा रस एक वाटी कोमट पाण्यात मिसळून तीन हप्त्यांत घाला. प्रत्येक वेळी डाव एकदाच तळातून फिरवा, घुसळू नका. झाकून 15 मिनिटं ठेवा. वरचं पाणी फिकट पिवळं आणि स्वच्छ दिसलं की झालं. दुधाळ दिसलं तर आणखी अर्धा चमचा रस. फडक्यात बांधून दीड किलो वजनाखाली अर्धा तास दाबा.

टोफू रबरासारखा झाला तर दूध फार गरम होतं किंवा आंबट जास्त पडलं. भुसभुशीत झाला तर ढवळणं जास्त झालं. लिंबाऐवजी खाण्याच्या प्रतीचं कॅल्शियम सल्फेट दोन चमचे पाण्यात कालवून घातलं तर टोफू मऊसर होतो आणि कॅल्शियमही मिळतं. त्यासाठी भिंतीचं प्लास्टर वापरू नका. पाण्यात बुडवून, रोज पाणी बदलून चार दिवस टिकतो. रश्श्यात घालण्याआधी मिठाच्या गरम पाण्यात 15 मिनिटं ठेवून, पुसून, तेलात परता. असं केलं नाही तर मसाला आत शिरत नाही.

तूप आणि लपलेलं दूध

फोडणीला शेंगदाण्याचं तेल, वरण-भातावर कच्चं तिळाचं तेल. बाफले भाजून झाल्यावर फोडायचे आणि जिरं तडतडवलेल्या कोमट तेलात बुडवायचे. तुपाचा वास येणार नाही, पण खुसखुशीतपणा मोहनावर असतो: अर्धा किलो जाडसर कणकेला पाऊण वाटी तेल. डालडा वनस्पतीजन्यच आहे, पण रोजच्या वापराला तो आम्ही सुचवणार नाही.

पुड्यावरचा हिरवा ठिपका फक्त शाकाहार सांगतो, त्यात दूध चालतं. व्हीगन चिन्ह वेगळं आहे, हिरव्या चौकटीतला व्ही आणि त्यावर पान. ते 2021मध्ये जाहीर झालं. चिन्ह नसेल तर यादीत मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, मध शोधा. बिस्किटं आणि पाव इथे फसवतात. जिलबी तुपातली आहे का, तिचं पीठ दह्याने आंबवलेलं आहे का, हे दुकानात विचारून घ्या. शेव आणि जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला) सहसा चालतात.

बी12 या एका गोष्टीला स्वयंपाकघरात उपाय नाही. डाळी, सोयाबीन, पालेभाज्या, घरचं दही यांतून ते भरवशाने मिळत नाही, आणि कमतरता वर्षानुवर्षं न जाणवता वाढून मज्जातंतूंना इजा करते. रोज किमान 10 मायक्रोग्रॅम किंवा आठवड्याला 2000 मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करा. आधी तपासणी करून डॉक्टरांना विचारलं तर उत्तम. गरोदर बाई आणि लहान मुलांसाठी हे विचारणं टाळू नका. कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असू शकतं, म्हणून गोळी मागा.

भुट्ट्याचा कीस

पाहुण्यांसाठी पहिला पदार्थ हाच करा, कारण तो इंदूरचा आहे आणि दुधाशिवाय काही कमी पडत नाही. चार देशी भुट्टे किसणीवर किसा, मिक्सरमध्ये लगदा होतो. अमेरिकन मक्यात पिठूळपणा कमी, त्याचा कीस पाणचट राहतो. तीन चमचे तेलात मोहरी, जिरं, हिंग, तीन मिरच्या. कीस घालून मंद आचेवर 12 मिनिटं परता. आधी तो कढईला चिकटेल, तेव्हा पाणी घालायचा मोह आवरा. कच्चा वास जाऊन कडेला तेल दिसायला लागलं की 15 काजू पाऊण वाटी पाण्यात वाटून तीन वेळा थोडं थोडं घाला आणि दर वेळी आटू द्या. मीठ, चमचाभर साखर. गॅस बंद केल्यावर, दोन मिनिटांनी, लिंबू पिळा. वर ओलं खोबरं, कोथिंबीर आणि जीरावन.